बुजगावण्याचा शर्ट

श्रीलंकेत कुरुणेगलला आमच्या घराचं बांधकाम चालू होतं. बुधवारी सकाळी गवंडी गुणपालने विचारलं, "साहेब, एखादा जुना शर्ट असेल का? उद्या शाळेत पोरीला बक्षीस आहे. बापालाही स्टेजवर बोलावतात."

"एकही नाही रे," मी म्हणालो. दिलगिरीचा चेहरा मला चांगला जमतो.

दुपारी बायको, इंद्राणी, येऊन कुरकुरली, "सगळ्यांच्या बांधकामावर बुजगावणं आहे, आपलंच उघडं. नजर लागली म्हणजे कळेल." मग मी पोटावर तंग झालेला, एक बटण तुटलेला निळा शर्ट घरून आणून दिला. बुजगावणं गुणपालनेच उभं केलं. शर्टात पेंढा भरला, कॉलर सरळ केली.

"शोभतो ह्याला, साहेब," एवढंच म्हणाला.

गुरुवारी तो रजेवर होता, आणि बुजगावण्याच्या अंगात त्याचा सिमेंटने माखलेला शर्ट होता. मी इंद्राणीला हे सांगितलं नाही.

 

शुक्रवारी बुजगावण्याच्या अंगात परत माझा निळा शर्ट होता: धुतलेला, इस्त्री केलेला, आणि तुटलेल्या बटणाच्या जागी नवं बटण लावलेला.