थेंबाची तपासणी

"चौदा वर्षांत पाचच शोधनिबंध?" निवड समितीच्या अध्यक्षांनी विचारलं. "आणि सिकलसेलवरच्या या निबंधाचा संदर्भ जगात फक्त सात जणांनी दिलाय. प्राध्यापकपदासाठी हे कमी पडतं, डॉ. मडावी."

"सर, वाळलेल्या रक्ताच्या थेंबातल्या डीएनएवरून आजार ओळखायची ही स्वस्त पद्धत मी खेड्यांतल्या दवाखान्यांसाठी शोधली," कुंदा मडावी म्हणाल्या. "तिथं कुणी वापरत असेल, तरी निबंध लिहून थोडंच सांगणार?"

समितीतल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. सोमकुवर निबंध चाळत होत्या. त्या एकदम ताठ बसल्या. "अहो, ही तर आमची थेंबाची तपासणी! ही तुमची? गेल्या वर्षी आमच्या जिल्ह्यात याच पद्धतीनं नऊ हजार बाळं तपासली. एकशे चाळीस जणांचा आजार वेळेत कळला, औषध सुरू झालं. आता भिंतीला धरून चालतायत पोरं!"

अध्यक्षांनी हातातला कागद खाली ठेवला. "हे तुमच्या अर्जात का नाही?"

"मलाच आत्ता कळतंय, सर." कुंदाताई डॉ. सोमकुवरांकडे वळल्या. "ती बाळं मला बघायला मिळतील?"

संध्याकाळी लागलेल्या यादीत पहिलं नाव त्यांचं होतं. ते वाचायला त्या तिथं नव्हत्याच. सोमकुवर बाईंच्या गाडीत बसून त्या बाळं बघायला निघाल्या होत्या.