धुवायला टाकलेला बॅज

व्हिडिओ कॉलवर हवाई दलातल्या वैमानिक लेकीच्या गणवेशावर बॅज दिसेना. नागनाथने डिंडोलीतल्या एम्ब्रॉयडरी मशीनवर स्वतः भरून दिलेला बॅज.

"बॅज कुठाय गं, विशाखा?" सरलाबाईंनी विचारलं.

"धुवायला टाकलाय, आई."

नागनाथने समोरचं ताट बाजूला सरकवलं. खऱ्या मोहिमेवर निघताना बॅज काढून ठेवतात, पकडलं गेलं तर शत्रूला काही कळू नये म्हणून. लेकीने हे त्याला सांगितलं होतं, आईला न सांगण्याच्या अटीवर. त्याने बायकोला ताकास तूर लागू दिली नाही.

दुसऱ्या दिवशीच्या कॉलवर बॅज जागेवर होता.

"आता तरी पोटभर जेवा," सरलाबाई ताट वाढत म्हणाल्या. "ती मोहिमेवर निघालीय हे तुम्हाला कळलं तर घास उतरायचा नाही, म्हणून 'धुवायला टाकलाय' म्हण, असं मीच तिला शिकवून ठेवलं होतं."