हाकेच्या अंतरावर

सासऱ्याने सिलिंडर उघडला आणि गॅसच्या नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा आला नाही. मग त्याने नव्या रिमोटची केबल वेल्डिंग मशीनला जोडली. रिमोट टाकीच्या अरुंद तोंडातून आत गेला होता. आत जावई कामाला बसला होता.

इतके दिवस करंट कमीजास्त करायला सासरा मशीनपाशी उभा असायचा. आतून हाक यायची, "मामा, पाच वाढवा," की हा बटण फिरवायचा. सगळी शेड हसायची. जावयाच्या तालावर नाचणारा सासरा जगात हा एकच! तोही हसायचा. हाकेला उशीर झाला की मात्र टाकीवर पाना आपटायचा.

"काका, आता इथे तुमचं काम नाही," सुपरवायझर म्हणाला. "पलीकडच्या शेडमध्ये पाइप कापायला जा."

"साहेब, हा गॅस हवेपेक्षा जड. टाकीत तळापासून साठत जातो. ना वास, ना रंग. माणूस बसल्या जागी जातो. बाहेर कुणीतरी हवंच."

"हवेसाठी पंखा मागवलाय. येईल इतक्यात."

आतून जावई हसला. "जा हो मामा. आता नाड्या माझ्या हातात आहेत."

"जपून हो जावईबापू," सासरा म्हणाला. त्याचा पाय निघत नव्हता. पण साहेबाच्या तोंडाला कोण लागणार? तो गेला.

पलीकडे करवतीच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मनात सारखी पाल चुकचुकत होती. दोनदा करवत बंद करून त्याने कानोसा घेतला.

तासाभराने सुपरवायझर खुशीत आला. "रिमोटने कमाल केली बघा काका. तासात एक हाक नाही! इतकं शांत काम मी आजवर पाहिलं नव्हतं."

"पंखा आला?"

"येईल हो."

सासरा धावत सुटला. मशीन गुणगुणत होतं. टाकीच्या तोंडातून वेल्डिंगचा उजेड येत नव्हता, गॅस मात्र चालूच होता. त्याने सिलिंडर बंद केला. लग्नापासून जावयाला त्याने कधी एकेरीत हाक मारली नव्हती. आज टाकीच्या तोंडाशी ओणवा होऊन तो ओरडला, "अरे पोरा, ओ दे! ओ दे ना रे!"

आतून ओ आली नाही.

त्याने मागे पाहिलं. सुपरवायझर अजून पलीकडच्याच शेडमध्ये होता. सासऱ्याने एक पाय टाकीत टाकला, मग दुसरा.

बाहेर आता कुणीच नव्हतं.