वहिनीचा तानपुरा

आत्याच्या जुन्या मैफलीच्या सीडीवरून निरंजनने दोन फाइली केल्या. घरच्या स्पीकरसाठी पूर्ण, आणि आत्याच्या फोनसाठी दाबून लहान केलेली. आधी त्याने लहान लावली.

आत्या डोळे मिटून स्वतःचंच गाणं ऐकत होती. मधेच म्हणाली, "ह्यात वहिनी कुठाय?"

वहिनी म्हणजे निरंजनची आई, गेल्या वर्षी गेलेली. जन्मभर आत्याच्या मागे बसून तिने तानपुरा धरला. सीडीवर तिचं नावसुद्धा नव्हतं.

निरंजनने पूर्ण फाइल लावली. लहान फाइलीत पुसट झालेला तानपुरा आत्याच्या आवाजामागे भरून आला. पोटच्या पोराला जे जाणवलं नव्हतं, ते आत्याच्या कानांनी टिपलं होतं.

"हीच फोनमध्ये घाल."

"जागा पुरणार नाही, आत्या."

"मग माझी बाकीची गाणी काढून टाक."