डोळे मिटून

“ढुंगणाखाली मखमल आणि पायाखाली बर्फ,” ह्वाजा आजी पुटपुटली. “एवढा संगमरवर घातलाय, तर फरशीखाली ऊब घालायला काय झालं होतं यांना? मोज्यातून थंडी वर चढतेय बघ.”

शेजारी माकसुन आजी बसली होती. ती आपल्या पांढऱ्या हानबोक पोशाखाची गाठ पुन्हा पुन्हा नीट करत होती.

“प्रार्थना पाठ केलीस का?” ह्वाजानं विचारलं.

“कागद दिलाय की लिहून. पाठ कशाला करू?”

विद्यापीठाच्या नव्या प्रार्थनामंदिराचं आज समर्पण होतं. सगळ्यांच्या वतीनं पहिली प्रार्थना करायचा मान माकसुन आजीचा होता, कारण टेकडी तिची. नवऱ्यानं लावलेली पर्सिमनची बाग होती इथं. गरीब मुलींसाठी वसतिगृह बांधू, असं विद्यापीठानं सांगितलं म्हणून तिनं ती देऊन टाकली. मग तिचं नाव छापून विद्यापीठानं गावोगाव वर्गणी गोळा केली. बाजारात मासळी विकणाऱ्या बायकांनीसुद्धा दिली. वसतिगृह झालं नाही. हे मंदिर झालं, आणि विद्यापीठाचे अध्यक्ष गू यांचा सोलमधला बंगला झाला. मुली अजून बसस्टँडमागच्या खोल्यांत चौघी-चौघी झोपतात. हे सगळ्यांना ठाऊक होतं. देवाच्या कामात हिशेब मागू नये, असं सगळे म्हणत आणि विषय बदलत.

एकीनं मागितला. माकसुन आजीची लेक इनहे विद्यापीठातच इतिहास शिकवायची. तिनं शिक्षकांच्या बैठकीत उभं राहून विचारलं, वसतिगृहाचे पैसे कुठं आहेत? पुढच्याच महिन्यात श्रद्धा-समितीनं तिला बोलावलं. विद्यापीठाच्या नियमात शिक्षकाची श्रद्धा पक्की असावी असं आहे, आणि इनहेची कच्ची आहे म्हणे. पुरावा एकच. सामूहिक प्रार्थनेत तिचे डोळे उघडे असतात. साक्षीदार स्वतः अध्यक्ष. त्यांना ते दिसलं कसं, हे समितीतल्या एकानंही विचारलं नाही.

नोकरी गेली. इनहे आता बुसानला शिकवण्या घेते, चर्चची पायरी चढत नाही. थंडीच्या तोंडाशी किमची घालायला बायका जमल्या की कोबीला मसाला चोळता चोळता एकमेकींच्या लेकींची चौकशी करतात. माकसुनची पाळी आली की सगळ्याजणी मीठ बरोबर पडलंय का ते चाखून बघायला लागतात.

विद्यापीठाचे पाळक वाकून वाकून रांगेतून आले. “आजी, कागदात आहे तेवढंच वाचायचं हं. एक शब्द इकडचा तिकडं नको. सगळीकडं थेट दिसतंय हे.”

“तुम्ही लिहिलंय म्हणजे चांगलंच असणार, पाळकसाहेब.”

नाव पुकारलं गेलं. आजीनं पिशवी ह्वाजाच्या मांडीवर ठेवली आणि ती पायऱ्या चढली. कागद उलगडला. लांब धरला, जवळ आणला, परत लांब धरला. मग कमरेशी चाचपून पाहिलं.

“अगं बाई. चष्मा राहिला की.”

मंडळी मायेनं हसली. ह्वाजाच्या बोटांना पिशवीत चष्म्याची टणक डबी लागली. तिनं त्यावर तळहात ठेवला आणि समोर बघत राहिली.

पाळक अर्धवट उठले.

“असू दे,” आजी म्हणाली. “प्रार्थना डोळे मिटूनच करायची असते. चला, प्रार्थना करू या.”

सगळ्या माना खाली गेल्या. पाळकांचीही गेली, ते होते तसेच, अर्धवट उठलेले. प्रार्थना एकदा सुरू झाली की शेवटच्या ‘आमेन’पर्यंत तिला कुणी हात लावत नाही. माणूस देवाशी बोलत असतो, मध्ये पडणार कोण?

“प्रभू, या सुंदर मंदिराबद्दल तुझे आभार.”

“आमेन,” मंडळी म्हणाली. पहिल्या रांगेतून अध्यक्षांचा आवाज सगळ्यांत मोठा.

“आमच्या अध्यक्षांना तू भरपूर आयुष्य दे. केलेलं सगळं फेडायला वेळ पुरला पाहिजे.”

“आमेन.” सवयीनं आलं ते. वाक्याचा उरलेला अर्धा भाग मागून पोचला.

“गरीब मुलींच्या वसतिगृहासाठी आम्ही दिलं. त्यातून सोलचा बंगला उभा राहिला. तुला ठाऊक आहे. इथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.”

आता आमेन आलं नाही. कुठंतरी एक खुर्ची करकरली. मग डावीकडून एक बारीक आवाज आला, “आमेन.” ह्वाजाचा होता.

“माझी इनहे डोळे उघडे ठेवूनच प्रार्थना करते, हे खरं आहे, प्रभू. लहान असताना बापाच्या उशाशी बसून तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा तो गेला होता. तेव्हापासून ती मिटत नाही. मी तिला कधी रागावले नाही. तूही रागावला नाहीस.”

आजी थांबली आणि तिनं डोळे उघडले. जवळचं अक्षर तिला दिसत नसे, पण लांबचं अजून लख्ख दिसायचं. समोर नुसती डोकी होती, काळी, पांढरी, टकली, सगळी खाली वाकलेली. त्यांत एकच चेहरा वर होता. लालबुंद झालेला, तिच्याकडं रोखून बघणारा. एवढ्यासाठीच ती लेकीची नोकरी गेल्यावरही इतकी वर्षं या लोकांत येऊन बसत आली होती. तिनं त्या चेहऱ्याकडं मन भरेपर्यंत पाहिलं. मग थोरल्या भावाला घरातली चहाडी सांगावी तशी ती माइकशी वाकली.

“प्रभू,” ती हळूच म्हणाली, “आजही अध्यक्षांचे डोळे उघडेच आहेत.”