रिकाम्या खोलीचा आवाज

“रिकाम्या खोलीत खाकरतंय कोण? अगं, नायिका घरात एकटी आहे ना?” कर्णिकसरांनी दृश्य थांबवलं.

हेमांगी गोंधळली. दृश्यातले मूळ आवाज काढून नवे बसवायचे, ही तिची शेवटची परीक्षा होती. जमलं तर सर तिला नव्या चित्रपटाचं काम देणार होते. दृश्याखाली अंथरायला रिकाम्या खोलीची शांतता लागते. ती तिने घरीच, आप्पांच्या खोलीत रेकॉर्ड केली होती. आप्पा, म्हणजे तिचे सासरे, जाऊन महिना झाला होता. यंत्र आत ठेवून तिने बाहेरून कडी लावली होती.

“काढून टाक तेवढं.”

तिने तो तुकडा कापला, दुसरीकडची शांतता तिथे जोडली आणि दृश्य पुन्हा लावलं. नेमकं तिथेच कोणीतरी खाकरलं. तिने परत कापलं. परत तेच, या वेळी जरा जवळून.

“कॉम्प्युटर बिघडलाय मेला!” सर वैतागून वायरी तपासायला वाकले.

हेमांगीने मात्र ते खाकरणं ओळखलं. आप्पा सुनेच्या खोलीत कधी थेट येत नसत. दाराशी उभे राहून खाकरायचे आणि ती ‘या’ म्हणेपर्यंत हलायचे नाहीत.

“या, आप्पा,” ती पुटपुटली.

सरांनी दृश्य लावलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत खाकरणं कुठेच नव्हतं.

“आता कसं झकास! काय केलंस?”

हेमांगीने नजर पडद्यावरच खिळवून ठेवली. कोणी सावकाश अंग टाकावं तशी शेजारची मोकळी खुर्ची आत्ताच करकरली होती, आणि तिकडे बघायचं तिचं धाडस होत नव्हतं.