पायरीखालचा उतार

वारसा समितीच्या बाईंनी गोदाक्काच्या बांगड्यांच्या दुकानासमोर टेप धरला आणि मान हलवली. "ही दगडी पायरी दोनशे वर्षांची आहे. फोडून उतार करता येणार नाही."

गोदाक्काचा नवरा चाकाच्या खुर्चीत रस्त्यावरच बसला होता. पाय गेल्यापासून त्याला एकच ध्यास होता, पुन्हा आपल्या गादीवर बसून बायकांना बांगड्या भरायच्या.

"अहो बाई, ती पायरी मीच बसवली, गटार तुंबलं त्या वर्षी," मी खरं ते सांगितलं.

"आजोबा, थापा पुरे!" सगळी समिती हसली. पेठेत माझी ख्यातीच तशी.

मग माझा नाइलाज झाला. "बरं, ऐका. इथे मूळचा उतारच होता. सरदारांच्या बाईसाहेब हत्तिणीवरून बांगड्या भरायला यायच्या. हत्तीण थेट दारात चढायची."

बाईंचे डोळे चमकले. त्यांनी भराभर लिहून घेतलं.

पंधरा दिवसांत हुकूम आला : मूळ उतार पूर्ववत करावा.

गोदाक्काने खुर्ची वर ढकलली. नवरा गादीवर टेकला आणि डोळे पुसत माझ्यावरच खेकसला, "एक हत्तीण कसली, थापाड्या? दोन होत्या. दुसरी नुसती बांगड्या वाहायला!"